लालबागची हवा मोजता, छाती कोण मोजणार?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांच्या पथकाने लालबाग, चेंबूर, खार आणि एका ग्रामीण भागातील ४१२९ लोकांची पाहणी हाती घेतली. वस्तीची हवा मोजली आणि तिथल्याच माणसांची छातीही तपासली. १९८० साली निष्कर्ष छापून आले. धाप आणि जुनाट खोकला खारपेक्षा लालबागेत जास्त! कष्टकऱ्यांना हे ठाऊकच होते. आता ते आकड्यांत आले.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या चिमण्या थंडावल्या, गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. धूर गेला म्हणजे हवा सुधारली, असे प्रस्थापितांनी मानून घेतले. पण आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून आणि २०११ साली सुरू झालेल्या उड्डाणपुलावरून अखंड वाहने धावतात. त्यांचे नायट्रोजन ऑक्साइड, पेट्रोलची आणि रंगाची वाफ यांवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशातला ओझोन आपल्याला वाचवतो; हा श्वासनलिकेला जाळतो, दमेकऱ्यांचा दमा वाढवतो. आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

मोजण्यातही गोम आहे. रस्त्याच्या अगदी कडेला वाहनांचा ताजा धूरच ओझोन खाऊन टाकतो. थोडे दूर, वाऱ्याच्या दिशेला तो वाढतो. म्हणजे वरळी किंवा माझगावच्या यंत्राचा आकडा लालबागच्या चाळीला लावता येत नाही. शिवाय हवेचा निर्देशांक सर्वांत वाईट घटकावरून ठरतो. धुळीच्या दिवशी ओझोन तिच्या आड लपतो. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार आठ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ती दुपारी ओलांडली गेली, हे लोकांना सांगतो कोण?

ओझोन जात पाहत नाही, असे कुणी म्हणेल. मग भर दुपारी उघड्यावर कोण असते? फेरीवाला, हमाल, बांधकाम मजूर, कंत्राटी सफाई कामगार. बंद खिडक्यांच्या वातानुकूलित घरात ओझोन फार कमी शिरतो. गिरणीतही धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून आमच्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. घाम कुणाचा आणि सावली कुणाची, ही वाटणी जुनीच आहे.

आमची मागणी साधी आहे. ओझोनचे आठ तासांचे आकडे वेगळे जाहीर करा. एक यंत्र रस्त्यावर, एक चाळींच्या आत बसवा. पालिकेच्या दवाखान्यात दम्याच्या रुग्णाची वस्ती आणि काम नोंदवा, आणि दोन्ही नोंदी दर उन्हाळ्यात शेजारी शेजारी मांडून वस्तीला दाखवा.