वीरांगनांचे निर्दोषपण

जिना प्रिन्स-बाइथवूड दिग्दर्शित ‘द वुमन किंग’ (२०२२) पाहताना आम्ही भारावून गेलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. उंच गवतातून उठून उभी राहणारी व्हायोला डेव्हिसची सेनानी ननिस्का आणि तिच्या पाठोपाठ उठणाऱ्या आगोजी स्त्रिया, हे दृश्य विसरण्याजोगे नाही. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे राज्याची (आजच्या बेनिन देशातील) ही स्त्रीसेना कुणाच्या कल्पनेतून निघालेली नाही. युरोपीय प्रवाशांनी तिला ‘ॲमेझॉन’ म्हटले ते आपल्या ग्रीक पुराणांच्या संस्कारातून. फोन भाषेत तिला ‘मिनो’, म्हणजे ‘आमच्या आया’, म्हणत. १८९० नंतरच्या युद्धांत फ्रेंच शस्त्रांपुढे ती मोडली, तीही लढूनच. अशा स्त्रियांवर पडद्यावरचे महाकाव्य व्हावे याचा आनंदच आहे. तक्रार आहे ती या महाकाव्याने घेतलेल्या एका सवलतीविषयी.

चित्रपटाचा काळ १८२३ चा. ओयो साम्राज्याला द्यावी लागणारी खंडणी राजा घेझोने याच सुमारास झुगारली, हे खरे. पण दाहोमेचे वैभव माणसांच्या विक्रीवर उभे होते, आणि खुद्द घेझो १८१८ मध्ये गादीवर आला तो उईदा बंदरातील ब्राझिलियन गुलाम-व्यापारी फ्रान्सिस्को फेलिक्स द सूझा याच्या मदतीने, हेही तितकेच खरे. दाहोमे आपले युद्धकैदी विकते, हे चित्रपट लपवत नाही. मात्र त्याविरुद्ध बोलायला तो ननिस्कालाच उभी करतो. हा व्यापार सोडा, पामतेल विकून जगू, असे ती राजाला विनवते. अखेरीस आगोजी बंदरावर चालूनही जातात. प्रत्यक्षात घेझोने गुलामांची निर्यात थांबवण्याचा करार केला तो १८५२ मध्ये, ब्रिटिश आरमाराने किनारा रोखल्यानंतर. आणि पामतेलाच्या मळ्यांतही गुलामच राबत होते.

तपशिलातल्या चुका मोजण्याचा आमचा इरादा नाही. ललितकृतीचे स्वातंत्र्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. आमचा आक्षेप वाङ्मयीन आहे. आपले स्वातंत्र्य राखण्यासाठी दुसऱ्यांच्या लेकीबाळींना साखळ्यांत घालणारी शूर स्त्री, ही शोकात्मिकेची नायिका होती. चित्रपटाने तिला आजच्या प्रेक्षकाचे मत बहाल केले आणि तिची शोकात्मिका काढून घेतली. (आपल्या ऐतिहासिक कादंबरीतील नायकही बहुधा लेखकाच्याच पिढीची मते घेऊन घोड्यावर बसतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.)

यावर कुणी म्हणेल की, कृष्णवर्णीय स्त्रियांना इतक्या वर्षांनी नायिका होण्याची संधी मिळाली, तेव्हाच त्यांच्या पापांचा हिशेब का मागता? प्रश्न रास्त आहे. पण तो हिशेब एका कृष्णवर्णीय लेखिकेनेच पूर्वी मांडला आहे. झोरा नील हर्स्टन यांनी १९२७ मध्ये अमेरिकेतील अलाबामात जाऊन कोसोला या वृद्धाशी संवाद सुरू केला. १८६० मध्ये, घेझोचा मुलगा ग्लेले याच्या राजवटीत, दाहोमेच्या सैन्याने पहाटे त्याच्या गावावर हल्ला केला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हल्लेखोरांत स्त्रियाही होत्या, हे तो सांगतो. उईदाच्या कोंडवाड्यातून ‘क्लोटिल्डा’ जहाजाने त्याला बेकायदा अमेरिकेत नेले गेले. आपल्याच माणसांनी आपल्या माणसांना विकले, हे सत्य हर्स्टन यांच्या घशाखाली उतरत नव्हते. तरीही त्यांनी ते लिहिले. कोसोलाची बोली जशीच्या तशी ठेवल्यामुळे प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारले आणि ‘बॅराकून’ हे पुस्तक छापून आले ते थेट २०१८ मध्ये, म्हणजे या चित्रपटाच्या चारच वर्षे आधी.

‘द वुमन किंग’मध्ये कॅमेरा प्रामुख्याने आगोजींच्या बाजूने चालतो. ज्या गावावर त्या चालून जातात, तेथल्या कुणाच्या डोळ्यांनी त्या कशा दिसल्या असतील, हे तो थांबून पाहत नाही. ती नजर ‘बॅराकून’मध्ये आहे. आम्ही विद्यार्थ्यांना दोन्ही कृती लागोपाठ घ्यायला सांगतो: आधी चित्रपट, मग पुस्तक. हर्स्टन छायाचित्र काढू लागल्या तेव्हा कोसोला आपला उत्तम सूट घालून आला, पण पायांतले जोडे त्याने काढून ठेवले होते. आफ्रिकेत दिसलो असतो तसे दिसायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. आणि छायाचित्रासाठी तो आपल्या बायकामुलांच्या थडग्यांमध्ये जाऊन उभा राहिला.