ढाल कपाटात, सह्या रद्दीत

पुण्यातल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या संग्रहालयात नामांकित क्रिकेटपटूंच्या सह्यांच्या बॅटी मांडल्या आहेत. 2012 साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते ते खुले झाले. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ‘सही जपायची तर नामवंताचीच’ या गृहीतकाला. आपली महाविद्यालये ते निमूट पाळतात. जिंकलेली ढाल कपाटात जाते, अख्ख्या संघाने सह्या केलेला चेंडू किंवा छायाचित्र रद्दीत.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, विचार करा. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे ‘मिलिंद’ झाले. आधीच्या पिढीपर्यंत अंगठाच उमटत आला अशा कितीतरी घरांतली मुले तिथे शिकली. त्यांतल्या कुणी संघाच्या छायाचित्रावर केलेली सही ही निव्वळ क्रीडाशौकिनांची चैन कशी? अक्षराचे वळण, निवडलेली लिपी, लिहिलेले वा गाळलेले आडनाव. एकनाथांच्या पाठभेदांवर तास घेणाऱ्या मराठी विभागांनी हे वाचायचे नाही, तर कोणी?

जपणूक खर्चिकही नाही. उजेडाने शाई उडते. म्हणून भिंतीवर प्रत लावावी, मूळ छायाचित्र आम्लरहित कागदात, कोरड्या पेटीत ठेवावे. लॅमिनेशन मात्र नको (हौशी मंडळींचे हे आवडते पुण्यकर्म!), उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक मूळ वस्तूला धक्का न लावता सुटत नाही. सही कोणाची, सामना कोणता, साल कोणते, याची चिठ्ठी सोबत हवी, आणि ती आजच लिहायला हवी. पन्नाशीच्या दशकातले ते खेळाडू आता ऐंशी-नव्वदीत आहेत.