कपाटातला फुटबॉल

कोल्हापुरात फुटबॉल आहे, कोल्हापुरात शाळा आहेत आणि कोल्हापुरात पोरेही मुबलक आहेत. या तिन्हींचा गुणाकार केला तर निदान वर्षाआड एक आंतरराष्ट्रीय खेळाडू हाती लागायला हवा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यात बँकेतला कारकून. गुणाकार चुकण्याची शक्यता कमी. तरीही उत्तर येत नाही. म्हणजे कुठेतरी हातचा राहतो आहे. तो नेमका कुणाच्या हातात राहतो, हे एकदा भीड न बाळगता सांगायला हवे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी प्रस्तावना. आमच्या तालमी मूळच्या कुस्तीच्या. पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावे आज घेतली जातात ती फुटबॉलचे संघ म्हणून. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. विश्वचषकाच्या वर्षी तर निम्मे गाव अर्जेंटिनाचे आणि निम्मे ब्राझीलचे होते. चौकाचौकात एवढाले फ्लेक्स लागतात, की स्थानिक पुढाऱ्यांना स्वतःच्या वाढदिवसासाठी खांब शोधत हिंडावे लागते. अशा या गावचा अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. रिक्षाचालकाचा मुलगा. ऊर भरून यावा अशीच गोष्ट. फक्त सत्काराच्या भाषणात एक तपशील आपण हळूच गाळतो. तो शिकला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. फुटबॉलपटू व्हायला त्याला फुटबॉलचे गाव सोडावे लागले. कोल्हापूरकराने गूळ खायला परगावी जावे, तसेच हे झाले.

याचे कारण असे, की 'पुढची पातळी' या शब्दाचा आपण भलताच अर्थ लावून ठेवला आहे. मध्यंतरी आमच्या काउंटरवर एक पालक आले. मुलगा आठवीत, शाळेच्या संघात. मी कौतुकाने विचारलं, "कुठं खेळतो?"

"विभागाला खेळला की!"

"तसं नव्हे. मैदानात कुठं? पुढं, मध्ये, मागं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांच्याकडे त्यांच्याच सहीचा पुरावा मागितला. "ते सर बघतात हो. मार्क मिळतात एवढं खरं."

या गृहस्थांना मी नावे ठेवणार नाही. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत गेले की दहावीला वाढीव गुण मिळतात. पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. बापाने हा हिशेब केला तर त्यात गैर काय? घर गोलवर चालत नाही, पगारावर चालते. माझे म्हणणे एवढेच, की या जिन्याला सगळ्या पायऱ्या आहेत, पण एकाही पायरीवर चेंडू नाही. मुलगा वर चढतो, सर्टिफिकेट वर चढते आणि खेळ तळमजल्यावरच राहतो.

माझे खरे भांडण आहे ते काचेच्या कपाटाशी. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत हे कपाट असते. त्यात चषक असतात. संस्थेचे अध्यक्ष आले की प्रथम त्या कपाटाकडे बघतात आणि मग पी. टी.च्या सरांकडे. आता या सरांची स्थिती पाहा. त्यांच्याकडे पी. टी. सोडून बाकी सगळे सोपवलेले असते. शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या खिचडीचा साठा, निवडणूक आली की मतदार याद्या. खिचडी आणि मतदार यांतून वेळ उरलाच तर फुटबॉल. आणि त्या उरलेल्या वेळात त्यांनी चषक आणायचा, तोही याच मोसमात.

मग सर काय करतात? तेरा वर्षांची दोन मुले समोर उभी करतात. एकाला मिसरूड फुटले आहे, दुसऱ्याचा अजून आवाजही फुटलेला नाही. पहिला चेंडू लाथाडतो तो थेट दुसऱ्या गोलजवळ. दुसरा चेंडू पायाला चिकटवून चौघांमधून अलगद निघून जातो, पण पाचवा त्याला खांद्याने ढकलून देतो. सर मिसरूडवाला घेतात. दुसरा बाहेर बसून दप्तरे आणि चपला सांभाळतो. मैदानाच्या कडेने एकच घोष सुरू असतो: "हाण लांब! हाण लेका!" संघ जिंकतो, चषक कपाटात जातो आणि अध्यक्ष खूश होतात.

पाच वर्षांनी याचा हिशेब कुणी मांडतच नाही, म्हणून मी मांडतो. अठराव्या वर्षी सगळ्यांनाच मिसरूड फुटते. दांडगटपणा हेच ज्याचे भांडवल, त्याच्यासमोर आता सगळेच दांडगे उभे असतात. त्याला पास देता येत नाही, कारण कधी द्यावाच लागला नव्हता. आणि ज्याला देता येत होता तो चपला सांभाळून कंटाळला आणि नववीत क्लासला जाऊ लागला. म्हणजे एकाच चषकासाठी आपण दोन खेळाडू खर्ची घातले. आमच्याकडे मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कापतो. इथे मुद्दलच बुडते, आणि वर हार घालून फोटो काढतात.

ही केवळ माझी कारकुनी कुरकुर नव्हे. 1985 साली कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या तेव्हा असे दिसले, की वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या फार मोठी होती. कॅनडातल्या जानेवारीत काही विशेष जादू नाही. वयोगट 1 जानेवारीपासून मोजला जातो, त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड. त्या वयात एक वर्ष म्हणजे वीतभर उंची. तो निवडला जातो, त्याला जास्त शिकवले जाते, म्हणून तो पुढे जातो. फुटबॉलमध्येही देशोदेशी हेच आढळले आहे.

आपल्याकडे मात्र हा अभ्यास करणे अवघड. कारण आपल्याकडे एके काळी सगळा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला होता! शाळेत नाव घालायला आले की गुरुजी विचारत, "तारीख?" आई सांगे, "मोठ्या पुरात झाला." गुरुजी लिहीत, 1 जून. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांना पेन्शनर मंडळी येतात तेव्हा तारखा बघून वाटते, त्या दिवशी राज्यातल्या सुइणींनी जेवण तरी कधी केले असेल? ते सगळे भाबडेपणाचे होते. आता वय कमी दाखवणे हे शास्त्र झाले आहे, आणि ते पकडायला मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायची चाचणी कुमार गटाच्या स्पर्धांत आली आहे. मुलाच्या हाडावर विश्वास ठेवावा लागतो, कारण मोठ्यांच्या कागदावर उरलेला नाही. चौदा वर्षांखालच्या चषकासाठी सोळा वर्षांचा मुलगा उतरवणारा माणूस त्या मुलाला फुटबॉल शिकवत नाही. खोटी सही कशी पचते, ते शिकवतो. असली शिकवणी घेतलेले विद्यार्थी पुढे आमच्या कर्ज विभागात भेटतात.

आणि ज्याच्या फ्लेक्ससाठी आपण वर्गण्या काढतो तो मेस्सी कसा होता? बार्सिलोनात 2000 साली चाचणी द्यायला आला तेव्हा तेरा वर्षांचा, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेला, वयाच्या मानाने अगदी चिमुकला. तिथल्या एका जाणत्याने पोराची उंची न बघता त्याचे पाय बघितले आणि त्याला घेण्याचे वचन चक्क कागदी नॅपकिनवर लिहून दिले. तो नॅपकिन 2024 साली लिलावात साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. आमच्या बँकेने तो तारणही घेतला नसता, ही गोष्ट वेगळी. पण मला विचाराल तर तो पोरगा आपल्या एखाद्या शाळेत आला असता तर आज चपला सांभाळण्यात त्याचा हात धरणारा कुणी नसता.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे, परंपरा आहे. ठीक. मग आइसलँड घ्या. सगळा देश चार लाखांच्या आतबाहेर. कोल्हापूर शहर 2011च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या घरात. वर्षातले कित्येक महिने तिथे बाहेर खेळण्यासारखे हवामानच नसते. त्यांनी काय केले? छपराखालची मैदाने बांधली आणि अगदी लहान मुलांनाही रीतसर परवानाधारक प्रशिक्षक दिले. आपल्याकडे उत्तम मास्तर दहावीला आणि नवशिका पहिलीला. त्यांनी पायापासून चांगला गवंडी लावला. 2016च्या युरोपीय स्पर्धेत या टीचभर देशाने इंग्लंडला हरवले. 2018च्या विश्वचषकात त्यांनी अर्जेंटिनाला 1-1 असे रोखले आणि मेस्सीची पेनल्टीही अडवली. त्या संघाचा प्रशिक्षक हाइमिर हालग्रिमसन हा व्यवसायाने दातांचा डॉक्टर! म्हणजे अडचण पी. टी.च्या सरांकडे दुसरी कामे आहेत ही नाहीच. दात काढणाराही फुटबॉल शिकवू शकतो. मात्र आधी त्याला शिकवायचे कसे हे कुणीतरी शिकवावे लागते, आणि मग शिकवू द्यावे लागते.

आपण याउलट काय करतो, तेही तारखेनिशी सांगतो. 15 सप्टेंबर 2017 रोजी महाराष्ट्रात दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवायचा सरकारी उपक्रम झाला. शाळांना चेंडू मिळाले. मंत्र्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी लाथा मारल्या, फोटो निघाले. फार चांगला दिवस होता. माझा प्रश्न 16 सप्टेंबरचा आहे. आमच्या भागातल्या एका शाळेत मी चौकशी केली तेव्हा शिपायाने मोठ्या अदबीने लोखंडी कपाटाकडे बोट दाखवले. चेंडू खराब होऊ नयेत म्हणून कुलपात ठेवले होते. मुले खराब झाली तरी चालतील, त्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला नसते.

"मग जिंकायचंच नाही का?" असे कुणी विचारील. जिंकायचे की! पण बारा वर्षांच्या मुलांच्या जिंकण्यावर प्रशिक्षकाची नोकरी टांगू नका. त्या वयाला मोठे मैदान नको, छोटे द्या; अकरा-अकरा नकोत, पाच-पाच खेळवा, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू लागेल. संघातल्या प्रत्येक मुलाने निदान अर्धा सामना खेळलाच पाहिजे, असा नियम करा. चपला सांभाळायला पालक आहेतच. वय चोरणाऱ्या शाळेला दोन वर्षे घरी बसवा, मुलाला नव्हे. आणि सरांना विचारायचेच असेल तर 'यंदा किती चषक?' असे विचारू नका. 'पाच वर्षांपूर्वीच्या संघातली किती मुले अजून खेळतात?' असे विचारा. हा प्रश्न विचारल्यावर काही खोल्यांत बराच वेळ शांतता पसरेल. पसरू द्या. तेवढ्या वेळात शिपायाकडून किल्ल्या मागून घ्या, काचेच्या कपाटाला कुलूप लावा आणि लोखंडी कपाटाचे काढा.