विश्लेषण : ना लाभांश, ना नफा, तरी साडेपाच लाखांच्या आसपास लोक भागधारक! 'ग्रीन बे'चे स्टेडियम नेमके कोणाचे?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचे शहर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम १ लाख ७ हजार. याच शहरात ८१ हजारांहून अधिक आसनांचे 'लँबो फील्ड' हे स्टेडियम आहे. अमेरिकन फुटबॉलच्या 'एनएफएल' लीगमधील 'ग्रीन बे पॅकर्स' हा संघ तेथे खेळतो. लीगमधील इतर संघ अब्जाधीशांच्या मालकीचे. पॅकर्सला मात्र एकच असा मालक नाही. हे कसे चालते आणि त्यात खरोखर लोकांचे किती चालते, हे समजून घेण्यासारखे आहे.

संघाची मालकी कोणाकडे?

पॅकर्सची स्थापना १९१९ ची. पैशांची चणचण झाली तेव्हा १९२३ मध्ये संघाचे रूपांतर ना-नफा संस्थेत झाले आणि गावातील लोकांना ५ डॉलरला एक शेअर विकण्यात आला. त्यानंतर १९३५, १९५०, १९९७, २०११ आणि २०२१ मध्ये पुन्हा शेअर विक्री झाली. शेवटच्या वेळी एका शेअरची किंमत ३०० डॉलर होती. आज भागधारकांची संख्या ५ लाख ३० हजारांच्या पुढे आहे.

शेअर घेऊन काय मिळते?

पैशांच्या भाषेत काहीच नाही. लाभांश नाही, शेअर बाजारात विकता येत नाही, सामन्याच्या तिकिटात प्राधान्य नाही. मिळते ते प्रमाणपत्र, वार्षिक सभेला जाण्याचा हक्क आणि संचालक निवडण्यासाठी मत. एका व्यक्तीकडे २ लाखांपेक्षा जास्त शेअर असू शकत नाहीत, म्हणजे कोणी धनाढ्य येऊन संघ ताब्यात घेऊ शकत नाही. संघ विकला गेलाच, तर पैसा भागधारकांच्या खिशात न जाता धर्मादाय कामासाठी जाईल, अशी तरतूद आहे. म्हणूनच संघ दुसऱ्या मोठ्या शहरात हलवण्यात कोणाचाच आर्थिक फायदा नाही.

मग स्टेडियम कोणाचे?

इथे अनेकांची गल्लत होते. संघ भागधारकांचा असला तरी स्टेडियम सार्वजनिक मालकीचे आहे. शहर आणि त्यासाठी नेमलेले स्टेडियम मंडळ हे मालक, तर पॅकर्स भाडेकरू. १९५६ मध्ये ९ लाख ६० हजार डॉलरचे कर्जरोखे काढायचे का, यावर शहरात मतदान झाले. लोकांनी होकार दिला, निम्मा भार संघाने उचलला आणि १९५७ मध्ये स्टेडियम खुले झाले.

२००० मध्ये प्रश्न पुन्हा आला. सुमारे २९५ दशलक्ष डॉलरच्या नूतनीकरणासाठी ब्राऊन काउंटीत अर्धा टक्का विक्रीकर लावायचा होता. सार्वमतात सुमारे ५३ टक्के मते बाजूने पडली. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांचा विरोध होता आणि तो मतपेटीतून नोंदवला गेला. हा कर कायमचा राहिला नाही. २०१५ मध्ये तो बंद झाला. २०११ नंतरच्या विस्तारासाठी तर नव्या कराऐवजी शेअर विक्रीतून निधी उभा राहिला.

हे सगळे आदर्श आहे का?

नाही. साखर कारखान्याच्या सभासदाला एक मत असते, मग शेअर कितीही असोत. इथे मत शेअरमागे आहे. दैनंदिन कारभार ४५ जणांच्या आसपासचे संचालक मंडळ आणि त्यातील छोटी कार्यकारी समिती पाहते. खेळाडू कोण घ्यायचा, तिकीट कितीचे ठेवायचे, यात सामान्य भागधारकाला विचारले जात नाही. 'शेअर म्हणजे महागडे स्मृतिचिन्ह' ही टीका त्यामुळे खोटी नाही. मालक आणि भाडेकरू यांच्यातही सगळे आलबेल नसते. भाडेकराराच्या मुदतवाढीवरून २०२४ मध्ये पालिका आणि पॅकर्समधील मतभेद चव्हाट्यावर आले होते.

शिवाय हे मॉडेल उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एनएफएलचे सध्याचे नियम अशा सार्वजनिक मालकीला परवानगी देत नाहीत. पॅकर्स जुने असल्याने त्यांना सूट आहे.

तरीही शिकण्यासारखे काय?

भागधारकांमुळे पॅकर्सना दरवर्षी जमाखर्च जाहीर करावा लागतो. लीगमध्ये असे करणारा हा एकमेव संघ. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते मतदान. करदात्याचा पैसा लागणार होता तेव्हा करदात्याला आधी विचारले गेले. कर किती आणि तो कशासाठी, हे सांगितले गेले आणि काम झाल्यावर तो थांबला.

भावनेने घेतलेला शेअर माणसाला अभिमान देतो, अधिकार फारसा देत नाही. अधिकार येतो तो सार्वमतातून, खुल्या हिशेबातून आणि पालिकेच्या हातातील भाडेकरारातून. आपल्या शहरात पालिकेच्या जमिनीवर मैदान किंवा क्रीडासंकुल उभे राहते तेव्हा उद्घाटनाच्या फलकावर कोणाचे नाव, यावर बरीच चर्चा होते. करार किती वर्षांचा, देखभालीचा खर्च कोणाकडे आणि हिशेब कुठे पाहायला मिळेल, हे तीन प्रश्न त्याआधी विचारायला हवेत. त्यासाठी शेअर घ्यावा लागत नाही.