पोट साफ होतं का?

तर झालं असं, की चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला केळशीला गेलो होतो. काकांनी नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतलं, ओल्या काजूंची उसळ-भात पोटभर जेवले, आणि तासाभरात घामाघूम! शुगर ५८. जेवलेल्या माणसाची शुगर पडते कशी? साखरपाणी देऊन निभावलं. संध्याकाळी तीच शुगर ३१०. घरात लगेच निकाल लागला: "यांनी गुपचूप मोदक खाल्ले." मीही हसलो.

दापोलीच्या डॉक्टरांनी मात्र वेगळंच विचारलं, "पोट साफ होतं का?" काका चक्क लाजले. मधुमेह १५ वर्षांचा, आणि ३ वर्षं रोज रात्री चूर्ण. कुणाला पत्ता नाही.

मग जरा वाचन केलं. जठर-आतड्यांच्या भिंतीतले स्नायू आपल्या हुकमात नसतात. त्यांना ताल देणाऱ्या खास पेशी असतात (काहालच्या पेशी). जठरात मिनिटाला साधारण ३ लाटा, लहान आतड्याच्या सुरुवातीला १२. वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की या पेशी घटतात, स्नायूंना निरोप देणाऱ्या नसा बिघडतात, खुद्द स्नायूंचंही आकुंचन बिनसतं. मग कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला उलट रात्री-अपरात्री जुलाब, कुणाचं जठरच उशिरा रिकामं होतं. काकांची पुण्यात तपासणी झाली: किंचित किरणोत्सारी पदार्थ घातलेलं खाणं द्यायचं, आणि ४ तासांत किती पुढे सरकलं ते मोजायचं. जठर संथ निघालं. म्हणजे इन्सुलिन वेळेवर पोचलं, जेवण मागेच अडकलं!

२०२३ साली आयसीएमआरच्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज आला. त्यातले काही तुमच्या-माझ्या घरात आहेत. रविवारी फोनवर आपण "शुगर किती आली?" विचारतो आणि कर्तव्य संपतं. पोटाची तक्रार म्हणजे एकतर विनोद, नाहीतर लाज. प्रत्येक तक्रार मधुमेहामुळे नसते हे खरंच. मेटफॉर्मिननेही जुलाब होतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आणि त्यासाठी त्यांना कळायला तर हवं ना? थोडं जेवून पोट गच्च होतंय, उलट्या होतायत, जेवल्यावर शुगर पडतेय, तर चूर्णाचा डबा बदलू नका, डॉक्टरांना सांगा. आणि इन्सुलिनची वेळ आपल्या मनाने हलवू नका.

असो. काकांवरचा मोदकचोरीचा आरोप अजून कुणी मागे घेतलेला नाही. या रविवारी फोन करून मी माझ्यापुरता घेणार आहे.