संसारातल्या गोष्टी : फाल्गुनातला घोळाणा



माघ सरत आला की आमच्या हिंगणघाटच्या शिवारात पळस फुलू लागतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपत आलेली असते, हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. सकाळी अंगावर शाल लागते आणि दुपारी वणा नदीकाठची वाळू पायाला चटके देते. गुजरीत मेथी, कांद्याची पात, मुळा, गाजर, टमाटर, सांभार यांचे ढीग असतात. दिवस मावळताना तोच माल वाट्याने स्वस्त मिळतो. आणखी महिनाभराने ऊन तापले की ही मेथी निबर होईल, पालेभाजी महागेल. म्हणून आज लिहितो आहोत घोळाण्याविषयी.

घोळाणा म्हणजे काय, हे आपल्या विदर्भातल्या घरात कुणाला सांगायला नको. कच्ची पालेभाजी बारीक चिरायची, तिखट-मीठ-तेल घालून घोळायची आणि भाकरीबरोबर खायची. चूल नको, गॅस नको. कामावर जाणाऱ्या आमच्या आया शेताच्या धुऱ्यावर बसून हेच खात. पुढे आम्ही चार बुके शिकलो आणि पाहुण्यांसमोर घोळाणा वाढायची लाज वाटू लागली. हॉटेलात मात्र काकडीच्या चार चकत्या आणि बिटाचा एक तुकडा ‘सलाड’ म्हणून आला, तर त्याचे पैसे आम्ही मुकाट्याने देतो!

पाच माणसांसाठी साहित्य असे : मेथीची एक लहान जुडी, पातीसकट दोन कांदे, दोन टमाटर, एक गाजर, एक कोवळा मुळा पाल्यासह, मूठभर हरभऱ्याचे ओले दाणे, थोडा सांभार, एक हिरवी मिरची, दोन चमचे जवसाचा कूट, एक चमचा तेल, अर्धे लिंबू, चवीपुरते मीठ.

आधी भाजी निवडा, मगच धुवा. परातीत भरपूर पाणी घेऊन पाने त्यात बुडवून हलवा, वर काढा आणि पाणी फेकून द्या. असे तीनदा करा. तिसऱ्या पाण्याच्या तळाला माती दिसली तर चौथ्यांदा धुवा. ही भाजी शिजणार नाही, त्यामुळे धुण्यात आळस चालत नाही. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात. फवारणीचा अंशही पानावर असू शकतो. नालीच्या पाण्यावर वाढलेली भाजी कच्ची खाऊच नका. धुतल्यावर पाणी निथळू द्या आणि मग चिरा. चिरून धुतले तर सत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते.

जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा आणि कुटा. अख्खा जवस बहुधा न पचताच बाहेर पडतो, म्हणून कूटच हवा. जवस नसेल तर शेंगदाण्याचा कूट चालेल. सगळे चिरलेले एकत्र करून आधी तेल लावा, नंतर कूट घाला. मीठ आणि लिंबू मात्र ताटे मांडल्यावरच. मीठ आधी पडले की भाजीला पाणी सुटते आणि घोळाणा मऊ पडतो.

एक चमचा तेल केवळ चवीसाठी नाही. गाजर आणि हिरव्या पाल्यातले, डोळ्यांना उपयोगी पडणारे सत्त्व अंगी लागायला थोडे तेल लागते. लिंबाचेही तसेच. पालेभाजीतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. लिंबाच्या आंबटपणासोबत येणारे ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करते. हे जीवनसत्त्व शिजवताना बरेच नष्ट होते, कच्च्यात टिकते. जेवणावर लगेच चहा घेतला तर चहा हे लोह अडवतो. तेव्हा जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

आता मुद्द्याचे बोलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. निम्म्याहून जास्त! आमच्याच घरात गेल्या वर्षी दहावीतली पुतणी शाळेतून येताना चक्कर येऊन पडली. ‘लोहाच्या गोळ्या आणा, बीट खाऊ घाला’ असे सल्ले सुरू झाले. दवाखान्यातल्या सिस्टरने मात्र आधी सिकलसेलची तपासणी करायला लावली. पुतणी वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिची चक्कर लोहाच्या कमतरतेचीच होती, आणि गोळ्यांनी ती सुधारली.

पण सिकलसेल विदर्भात आणि आपल्या समाजात पुष्कळ आढळतो, हे लपवून चालणार नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न जुळवताना पत्रिका पाहायची गरज नाही, हा तपासणीचा कागद पाहा. आजार असलेल्याने लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, डॉक्टर सांगतील तेच घ्यावे. घोळाण्याने सिकलसेल बरा होत नाही. हिरव्या पाल्यातले फोलेट नवे रक्त बनायला लागते एवढे खरे, पण ते डॉक्टरांच्या गोळीची जागा घेत नाही. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. शाळेत, अंगणवाडीत मिळणारी ती गोळी लेकरांना चुकवू देऊ नका. पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही.

शेवटी एक घरची गोष्ट. लहानपणी घोळाण्याची परात बापाकडून पोरांकडे आणि पोरांकडून पोरींकडे फिरे. आईपर्यंत येईस्तोवर तळाला तिखट-मिठाचे पाणीच उरलेले असे. ती भाकरीचा तुकडा त्यात पुसून म्हणे, ‘मले हेच आवडते.’ आम्ही ते खरे मानत होतो. पुतणीच्या तपासणीचा कागद हातात आला, तेव्हा आईचे ते शब्द आठवले आणि घास घशात अडकला.

तेव्हापासून आमच्या घरी घोळाणा परातीतून वाढला जात नाही. पाच वाट्या मांडतो, पाची वाट्या सारख्या भरतो आणि सगळे एकत्रच बसतो. करणाऱ्या बाईची वाटी आधी भरतो. बंधूंनो, भाजी निवडायला आणि चिरायलाही बसा, हाताला काही होत नाही! येत्या रविवारी करून पाहा.

पुढच्या वेळी उन्हाळ्यातल्या चिवळीच्या भाजीविषयी बोलू. जयभीम!