समजून घ्या : इकोचा ‘सायलेन्सर’ चोरीला जातो, तेव्हा नेमकं काय जातं?

सकाळी साडेसहाला शाळेच्या फेरीसाठी व्हॅनवाले काका चावी फिरवतात आणि गाडी ट्रॅक्टरसारखी गरजते. खाली वाकून बघतात, तर इंजिनाकडून मागे जाणारा पाइप मधूनच गायब. काच शाबूत, स्टेपनी जागेवर, डिझेल-पेट्रोल कुणी काढलेलं नाही. फक्त ‘सायलेन्सर’ गेला.

मारुती इको चालवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. पुणे जिल्ह्यापासून गुजरातपर्यंत गेली काही वर्षं ‘इकोचे सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद’ ही बातमी ठरावीक अंतराने येत राहिली आहे. आमच्या डेस्कवरही ती येते आणि आम्हीही मथळ्यात ‘सायलेन्सर’ असंच लिहितो. वाचकाला पटकन कळतं म्हणून लिहितो. पण हाच शब्द पोलीस ठाण्यातल्या कागदावर गेला की गाडीमालकाचं नुकसान होतं. कसं, ते पुढे येईलच.

चोराला हवं असतं ते काय?

सायलेन्सरचं काम आवाज दाबणं. तो पत्र्याचा डबा आहे, भंगारात त्याला फारशी किंमत नाही. चोराला हवा असतो त्याच पाइपवर इंजिनाच्या बाजूला बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. स्टीलच्या कवचात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. गरम धूर या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडमधून साधा नायट्रोजन सुटतो. धातू स्वतः खर्च होत नाहीत. म्हणून दहा वर्षं चाललेल्या गाडीच्या कन्व्हर्टरमध्येही ते शिल्लक असतात आणि म्हणूनच जुनी गाडीही चोराला चालते.

पोलिसांच्या बातम्यांत ‘प्लॅटिनममिश्रित माती’ असा उल्लेख असतो, ती ही वीट फोडून केलेली भुकटी. एका गाडीत हे धातू मोजक्या ग्रॅममध्ये असतात. पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्या वेळच्या हिशेबाने ग्रॅमला ६५ हजार रुपयांहून जास्त. सोनं तेव्हा ग्रॅमला पाच हजारांच्या आत होतं. पुढे २०२३ मध्ये ऱ्होडियम पाच हजार डॉलरच्याही खाली आलं. तरी पाना घेऊन काही मिनिटांत होणाऱ्या कामासाठी ही कमाई चोराला वाईट नाही.

मग इकोच का?

एक तर गाडीची रचना. इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. त्यामुळे कन्व्हर्टर बॉनेटमध्ये न राहता गाडीच्या पोटाखाली येतो. बऱ्याच छोट्या कारमध्ये तो इंजिनाला चिकटून बॉनेटच्या आत असतो, तिथे हात घालायला आधी बॉनेट उघडावं लागतं. इकोखाली माणूस आडवा होऊन सरकू शकतो आणि जोड नट-बोल्टचे असल्याने करवतीचा आवाजही करावा लागत नाही.

दुसरं कारण गाडी कुठे उभी राहते, हे आहे. इको ही शाळेची व्हॅन आहे, दूधवाल्याची गाडी आहे, गावाकडची वडाप आहे, छोट्या दवाखान्याची रुग्णवाहिका आहे. तिच्या मालकाकडे सहसा सोसायटीचं झाकलेलं पार्किंग नसतं. गाडी रात्री रस्त्याकडेला, देवळामागे, मैदानाच्या कडेला उभी असते. म्हणजे चोरी होते ती ज्याचा रोजचा धंदा त्याच गाडीवर आहे, त्याची. नवा कन्व्हर्टर घ्यायला पाच आकडी रक्कम लागते आणि सुटा भाग येईपर्यंत फेऱ्या बंद राहतात, त्यांचा हिशेब वेगळाच.

तक्रारीतल्या एका शब्दाने काय होतं?

आता मूळ मुद्दा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा करायची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पाच हजारांखालची चोरी आता अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्याच्या भाषेत ‘एनसी’. एनसीमध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

आता कल्पना करा. घाईत असलेला चालक सांगतो, ‘साहेब, सायलेन्सर गेला.’ ‘जुना होता का?’ ‘हो, गाडी आठ वर्षांची आहे.’ कागदावर येतं: जुना वापरता सायलेन्सर, अंदाजे किंमत चार हजार. झालं. कन्व्हर्टर गेला असताना पत्र्याच्या डब्याची एनसी होते आणि तपास तिथेच अडकतो. पोलिसांनी मुद्दाम केलं असंही नाही. समोरच्याने सांगितलं तेच लिहिलं गेलं.

म्हणून तक्रारीत ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सायलेन्सर’ असे शब्द लिहायला सांगा. किंमत अंदाजाने बोलू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून त्या भागाचा क्रमांक आणि किंमत असलेलं कोटेशन घ्या आणि तक्रारीला जोडा. कन्व्हर्टरच्या मागे-पुढे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या तारा कापल्या असतील, तर तेही नुकसान नोंदवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर माहिती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

एकाच भागात अशा चार-पाच गाड्या फोडल्या गेल्या असतील, तर सगळ्यांनी मिळून जाणं बरं. टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांसाठी संहितेत कलम ११२ आहे. त्यात ‘वाहनातून चोरी’चा उल्लेख आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षांची आहे. सुट्या सुट्या एनसी एकमेकींना जोडल्या जात नाहीत, तोवर टोळी कागदावर दिसतच नाही.

गाडी वाचवायची कशी?

सगळ्यात स्वस्त उपाय जागेचा. ज्या बाजूने पाइप जातो, ती बाजू भिंतीला किंवा दुसऱ्या गाडीला शक्य तितकी लागून उभी करा. माणसाला खाली शिरायलाच जागा मिळू नये. दोन-तीन व्हॅनवाले एकाच ठिकाणी गाड्या लावत असतील, तर इको मधे आणि बुटक्या गाड्या कडेला.

त्यानंतर बोल्ट. एका ठरावीक ताकदीने आवळल्यावर ज्यांचं डोकं तुटून पडतं, असे शिअर बोल्ट मिळतात. साध्या पान्याने ते सुटत नाहीत. काही गॅरेजवाले नटांवर वेल्डिंगचा टाका मारून देतात. टाका चालतो, पण दोन गोष्टी सांभाळा. इको सीएनजीवर असेल तर गाडीखाली वेल्डिंग हा खेळ नाही. सीएनजीच्या कामाची माहिती असलेल्या वर्कशॉपखेरीज कुणाकडून करून घेऊ नका. आणि वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढायला लावा, नाहीतर इंजिनाचा संगणक जळाल्याचं बिल चोरीच्या बिलाइतकंच यायचं. टाका फक्त नट-बोल्टवर, कन्व्हर्टरच्या कवचावर नाही.

लोखंडी जाळी किंवा पट्ट्यांचा पिंजरा बसवणारेही आहेत. चालताना कन्व्हर्टर शेकडो अंशांपर्यंत तापतो. त्यामुळे पिंजऱ्यात हवा खेळती हवी आणि पट्टी त्याला टेकता कामा नये. पिंजरा चोराला रोखत नाही, त्याचा वेळ खातो. पण दोन मिनिटांचं काम पंधरा मिनिटांचं झालं, तर तो बहुधा पुढच्या गाडीकडे जातो. (पुढची गाडीही कुणाची तरी असते, हे मला मान्य आहे. म्हणूनच हा उपाय अपुरा वाटतो.) गाडी हलली किंवा कलली की वाजणारा अलार्मही उपयोगी, पण दारं उघडल्यावरच वाजणारा अलार्म इथे कामाचा नाही. घेताना एवढं विचारून घ्या.

माझ्या मते यातलं सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे खूण. कन्व्हर्टरच्या कवचावर गाडीचा नंबर कोरून घ्या, त्यावर उष्णता सोसणारा भडक रंग मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पोलीस टोळी पकडतात तेव्हा गोणीभर कन्व्हर्टर सापडतात, पण कोणता कुणाचा हे सिद्ध होत नाही. वाहनाच्या सुट्या भागांवर सूक्ष्म ठिपक्यांची ओळख बसवण्याच्या नियमाचा मसुदा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१९ मध्ये काढला होता. कन्व्हर्टरवर कारखान्यातूनच अशी खूण आली, तर हे कोरण्याचं काम मालकाच्या गळ्यात पडणार नाही.

विकत कोण घेतं?

व्हॅनवाल्याने कितीही बोल्ट आवळले, तरी घेणारा आहे तोवर हा धंदा चालणार. या मातीतून प्लॅटिनम काढणं घरगुती काम नाही. म्हणजे साखळीत कुठेतरी भंगारवाला, त्याच्यावर मोठा व्यापारी आणि त्याच्यावर धातू शुद्ध करणारा असणारच. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये तपास यंत्रणांनी चोरांऐवजी या साखळीवर हात टाकला. पाच राज्यांतल्या २१ जणांना अटक झाली किंवा त्यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि ५४ कोटी डॉलरहून अधिक मालमत्ता जप्त करण्याची मागणी सरकारने न्यायालयात केली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी सुटे कन्व्हर्टर कुणाकडून विकत घेता येतील, यावर कायद्याने बंधन घातलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर २०१३ च्या कायद्यानुसार भंगार धातूच्या रोख खरेदीला बंदी आहे.

आपल्याकडे चोरीचा माल घेणाऱ्यासाठी न्याय संहितेचं कलम ३१७ आहे आणि असा व्यवहार सवयीने करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायदा कमकुवत नाही. पण भंगाराच्या दुकानात सुटा कन्व्हर्टर आला, तर तो कोणत्या गाडीचा, आणणारा कोण, हे लिहून घेण्याची सक्ती आधी हवी. गाडीचा नंबर, आरसीची प्रत, पैसे बँकेतून. एवढं जरी राज्य सरकारने या एका भागापुरतं केलं, तरी रात्री पाना घेऊन फिरणाऱ्याला सकाळी गिऱ्हाईक शोधावं लागेल.

चोरी झालीच तर?

गाडी तशीच पळवू नका. कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप टाकून देणारे कारागीर आहेत आणि ते स्वस्तही पडतं. पण मग धूर तसाच बाहेर पडतो, शाळेच्या व्हॅनमध्ये तर मुलं बसलेली असतात. प्रदूषणाचे निकष मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि परवाना तीन महिने रद्द, अशी तरतूद आहे. चोरी सोसलेल्यानेच दंडही भरायचा, अशी वेळ येते.

विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर काही मिळणार नाही. सर्वसमावेशक असेल तर पॉलिसीतले शब्द वाचा, कारण व्यावसायिक वाहनांच्या अटी खासगी कारपेक्षा वेगळ्या असू शकतात. कन्व्हर्टर हा गाडीचा मूळ भाग आहे, नंतर लावलेली अॅक्सेसरी नाही, हे दाव्याच्या अर्जात स्पष्ट लिहा. दावा केल्यावर नो क्लेम बोनस जातो, तोही हिशेबात धरा.

आणि नवा कन्व्हर्टर बसवायला गाडी गॅरेजमध्ये जाईल, तेव्हा त्याच दिवशी नंबर कोरून घ्या. गाडी लिफ्टवर असताना हे दहा मिनिटांचं काम आहे.